विटंबना आणि प्रेक्षक

अलीकडे कोणत्याहि शाळेच्या पालकसभेंत बसलें तर एक तक्रार हटकून ऐकूं येते. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाहीं. मुलगा शाळेचें नांव काढलें कीं पोट दुखतें म्हणतो. विचारावें तर उत्तर नाहीं. पुढें केव्हां तरी उलगडा होतो कीं, वर्गांतल्या मुलांनीं मोबाइलवर जो गट केला आहे त्यांत तिचें विद्रूप केलेलें छायाचित्र फिरत होतें, किंवा त्याच्या बोलण्याची नक्कल ध्वनिमुद्रित करून सर्वांना पाठविली होती. ह्या आतां केवळ पुण्या-मुंबईच्या गोष्टी राहिलेल्या नाहींत. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथल्या घरांतूनहि त्या बोलल्या जातात. आणि त्यांवर वडील मंडळींचें उत्तरहि ठरलेलें असतें: "हा सारा त्या मोबाइलचा प्रताप! आमच्या वेळीं असें कांहीं नव्हतें."

हें वाक्य कोणी लबाडीनें उच्चारीत नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तें तसेंच सोडून देतां येत नाहीं. यंत्र नवें आहे ह्यांत शंका नाहीं. पण एका पोराला निवडून त्याला चारचौघांसमोर पुनःपुन्हां मान खालीं घालावयास लावण्याची विद्या नवी आहे काय? आणि ती जुनी असेल, तर पूर्वीं ज्यांनीं तिला तोंड दिलें ते कशाच्या बळावर उभे राहिले? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें महाराष्ट्राच्या गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांत पुरेशीं स्पष्ट सांपडतात, आणि आजच्या उपायाची दिशाहि त्यांतूनच दिसते, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

प्रथम शब्दांचा विचार करूं. थट्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी, विटंबना अशी एक चढती श्रेणी मराठींत पूर्वापार आहे. थट्टा बरोबरीच्यांत चालते. आज मीं तुझी केली, उद्यां तूं माझी करशील, आणि शेवटीं दोघेहि हसून मोकळे होतों. विटंबनेंत हा फेरा नसतो. तेथें हसणारे नेहमीं तेच, आणि ज्याला हसावयाचें तोहि नेहमीं तोच. शाळकरी मुलांतील छळाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत प्रथम पद्धतशीरपणें केला, त्या डान ऑल्व्हेउस ह्या स्कँडिनेव्हियन मानसशास्त्रज्ञानें छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं: दुखविण्याचा हेतु, पुनरावृत्ति आणि बळाची विषमता. आपल्या भाषेनें थट्टा आणि विटंबना हे दोन शब्द निराळे ठेवून हाच भेद फार पूर्वीं ओळखला होता. म्हणून "पोरांची थट्टा आहे, मनावर काय घ्यायचें!" असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां ती खरोखर थट्टाच आहे ना, एवढें पाहण्याची जबाबदारी आपणांवर राहते.

आतां कांहीं उदाहरणें पाहूं. १८४८ सालीं पुण्यास भिडेवाड्यांत मुलींची शाळा निघाली, त्या वेळीं सावित्रीबाई फुले ह्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. आपल्या डोळ्यांसमोर त्यांचें प्रौढ वयाचें चित्र असतें, म्हणून ही गोष्ट ध्यानांत राहत नाहीं. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई. म्हणून त्या बरोबर दुसरें लुगडें नेत आणि शाळेंत पोंचल्यावर तें नेसून शिकविण्यास उभ्या राहत, असें त्यांच्याविषयींच्या आठवणींत नमूद आहे. आजच्या हिशेबानें ही बारावींतल्या मुलीच्या वयाची कथा आहे.

दुसरें उदाहरण आनंदीबाई जोशी ह्यांचें. अमेरिकेस वैद्यक शिकावयास जाण्यापूर्वीं, १८८३ च्या फेब्रुवारींत, बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं एक इंग्रजी व्याख्यान दिलें. वयास अठरा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्या व्याख्यानांत त्यांनीं स्वतःचे अनुभव संयमानें सांगितले आहेत. मुंबईंत हातांत पुस्तकें घेऊन त्या शाळेस निघाल्या कीं लोक खिडक्यांतून डोकीं बाहेर काढून पाहत. कोणी गाड्या थांबवीत. पायांतले बूट आणि मोजे पाहून त्यांना ऐकूं जाईल अशा बेतानें हसत. दुकानदार पाहतांच थुंकत. आणि कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ आपापल्या ओसरीवर बसून टोमणे मारीत, प्रसंगीं खडेहि फेकीत. ह्या शेवटच्या मंडळींकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. हे गुंड नव्हत. सुखवस्तु, घरंदाज, बहुधा लिहिते-वाचते लोक होते. त्यांना त्या मुलीशीं वैर नव्हतें. त्यांना करमणूक हवी होती.

विटंबना रस्त्यावरच होते असेंहि नाहीं. रमाबाई रानडे ह्यांचा विवाह १८७३ त, वयाच्या अकराव्या वर्षीं झाला. न्यायमूर्तींनीं त्यांना शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या टोमण्यांना तोंड फुटलें. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनीं हें सारें सांगितलें आहे. मारहाण नाहीं, उघड मनाई नाहीं. केवळ बोलणें आणि न बोलणें. लहान मुलीस तेवढें पुरतें.

डॉक्टर आंबेडकर सातारच्या शाळेंत असतांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तर शिपायानें नळ सोडला पाहिजे. शिपाई नसेल तर पाणी नाहीं. पुढें मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिक्षकानें एकदां त्यांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेविलेले डबे बाटतील म्हणून सारा वर्ग धांवला आणि ह्या मुलाचा हात फळ्यास लागण्यापूर्वीं ते डबे दूर भिरकावण्यांत आले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे. वर्गांतल्या प्रत्येक मुलाचें ह्या मुलाशीं भांडण होतें काय? मुळींच नाहीं. एकानें डबा उचलला, दुसऱ्यानें पाहिलें, तिसऱ्यानें अनुकरण केलें. ज्याला मनांतून हें आवडलें नसेल, असा एखादा तरी त्या वर्गांत असेलच. पण त्यानेंहि आपला डबा उचलला असावा.

ह्या सर्व हकीकती एकत्र ठेविल्या म्हणजे एक गोष्ट दिसूं लागते. विटंबनेस दोन पक्ष लागतात असें आपण समजतों. वस्तुतः तीन लागतात. करणारा, सोसणारा आणि पाहणारा. ह्यांपैकीं तिसरा नसेल तर पहिल्याचा उत्साह फार काळ टिकत नाहीं. शेण फेकणारा एकटाच निर्जन बोळांत शेण फेकीत नाहीं. त्याला खिडक्या हव्या असतात. आणि उलट बाजूनें पाहिलें तर, जीं मुलें ह्या अग्नींतून तरून गेलीं त्यांच्या बाजूला कोणी तरी एक मनुष्य उभा होता. सावित्रीबाईंच्या शेजारीं जोतीराव होते, सगुणाबाई क्षीरसागर होत्या. रमाबाईंच्या पाठीशीं न्यायमूर्ति होते. आनंदीबाईंना पति गोपाळराव ह्यांचा आधार होता. तो आधार घरांत अतिशय कठोर होता हेंहि खरें, आणि चरित्रकारांनीं तें लपविलेलें नाहीं. भीमराव आंबेडकर ह्या विद्यार्थ्यास बागेंत वाचीत बसलेला पाहून त्याची आस्थेनें विचारपूस करणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले; १९०७ सालीं हा मुलगा मॅट्रिक झाला तेव्हां त्यांनींच त्याला आपलें बुद्धचरित्र भेट दिलें. केळुसकरांनीं त्या मुलाचा छळ थांबविला नाहीं; तो त्यांच्या शक्तीबाहेरचा होता. परंतु सारें जग आपल्याकडे एकाच नजरेनें पाहत नाहीं, एवढी खात्री एका पोराला पटणें ही गोष्ट क्षुद्र नव्हे.

पाश्चात्य देशांतील संशोधनानें हाच निष्कर्ष पुढें मोजमापानें काढिला. १९८२ सालाच्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागांत दहा ते चवदा वर्षांच्या तीन मुलांनीं आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हें त्यांचें कारण असावें असें दिसून आलें. सारा देश हादरला आणि १९८३ सालीं तेथील सरकारनें शाळांतून देशव्यापी मोहीम काढिली. बर्गेन येथें ऑल्व्हेउस ह्यांनीं ४२ शाळांतील सुमारें २,५०० मुलांची पाहणी केली. शिक्षक व पालक ह्यांनीं एकत्र येऊन स्पष्ट नियम घातले तेथें छळाचें प्रमाण दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास उतरलें. पुढें फिनलंडमधील क्रिस्तिना साल्मिव्हाल्ली ह्या विदुषीनें १९९६ सालीं असें दाखविलें कीं, वर्गांतील छळांत जवळजवळ प्रत्येक मुलाची कांहीं तरी भूमिका ठरलेली असते: कोणी म्होरक्या, कोणी त्याचा हस्तक, कोणी हसून उत्तेजन देणारा, कोणी बाजूला सरणारा, आणि क्वचित् कोणी सोसणाऱ्याच्या बाजूनें उभा राहणारा. त्या देशानें ह्याच विचारावर शाळांचा एक कार्यक्रम उभारला आणि त्यांत म्होरक्यापेक्षां प्रेक्षकांना शिकविण्यावर भर दिला. ओसरीवरच्या गृहस्थांची जात अशा रीतीनें शास्त्रांत दाखल झाली.

मग मोबाइलनें नवें असें कांहींच आणिलें नाहीं काय? आणिलें आहे, आणि तें गंभीर आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें. १९१६ सालीं जें गांवाच्या चावडीवर चाले तें २०१६ नंतर, माहितीचे दर एकाएकीं उतरल्यावर, खिशांत आलें. आणि मार्च २०२० मध्यें महामारीनें शाळा बंद पडल्या तेव्हां तर मोबाइल हीच पाटी झाली. ज्या घरांत तोंवर मुलांच्या हातीं तो देत नसत, तेथेंहि तो द्यावा लागला. ह्या यंत्रानें जुन्या विटंबनेंत तीन बदल केले.

पहिला बदल उंबरठ्याचा. आनंदीबाई घरीं आल्या, दार लावलें, कीं मुंबईचा रस्ता बाहेर राही. आजच्या मुलीच्या उशाखालीं तो रस्ता रात्रभर जागा असतो.

दुसरा बदल विस्मरणाचा. चिखलानें माखलेलें लुगडें बदलतां येत होतें. एकदां पसरलेलें छायाचित्र, तेंहि आतां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनीं खोटेंच तयार केलेलें असूं शकतें, कोणाकोणापाशीं उरलें हें सांगतां येत नाहीं. न पुसल्या जाणाऱ्या नांवाचा दाह काय असतो, हें आपल्या प्रांतास ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें कांहीं जमातींना जन्मानेंच गुन्हेगार ठरवून त्यांच्या नोंदवह्या ठेविल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तरी पारध्यांच्या मुलाकडे वर्गांत कांहीं हरवलें कीं प्रथम माना वळतात. वही जाळली तरी नांव राहतें, तर ज्या वहीला जाळणें शक्य नाहीं तिच्यांत मुलाचें नांव जाऊं नये म्हणून किती जपलें पाहिजे!

तिसरा बदल चेहऱ्याचा. टोपणनांवाआड राहून लिहितां येतें. ह्या बाबतींत मात्र सरसकट निषेध करण्यापूर्वीं थांबावें. १८८५ सालीं मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकांत 'एक हिंदु स्त्री' ह्या सहीनें बालविवाहाच्या दुष्परिणामांवर दोन पत्रें आलीं. तीं रखमाबाईंचीं होतीं. अकराव्या वर्षीं झालेल्या विवाहाच्या नांवानें नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें होतें, त्यावरून खटला चालू होता आणि समाजाचा मोठा भाग त्यांच्यावर तुटून पडला होता. पुढें त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या हातांत निनांवीपणा ही दुर्बळाची ढाल होती. तोच निनांवीपणा धमकीचें पत्र लिहिणाराच्या हातीं कट्यार होतो. म्हणून १८६० च्या दंडसंहितेनें निनांवी धमकीस जादा शिक्षा ठेविली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि ती तरतूद आहे. प्रश्न सही असण्या-नसण्याचा नाहीं. बळ कोणाकडे आहे ह्याचा आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यांत ही बळाची विषमता शोधावयास दूर जावें लागत नाहीं. कोलामांच्या पोडावरून, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून मुलें तालुक्याच्या गांवीं शिकावयास येतात. कोलामी ही द्राविड कुळांतली भाषा. तिच्यावर वाढलेल्या मुलाचें मराठी पहिलीं कांहीं वर्षें अडखळणारच. गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचे उच्चार निराळे असणारच. त्या उच्चारांची नक्कल पूर्वीं मधल्या सुट्टींत होई आणि घंटा झाली कीं विरे. आतां ती ध्वनिमुद्रित होऊन वर्गाच्या गटावर राहते. कापसाच्या ह्या मुलखांत ज्याच्या बापानें कर्जापायीं जीव दिला, त्या मुलाकडे बोट दाखविणें तर फारच सोपें. त्याच्या उलटहि ह्याच गांवीं घडलेलें आपण पाहिलें आहे. जानेवारी २०१९ मध्यें येथें ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां निमंत्रणावरून झालेल्या मोठ्या वादानंतर उद्घाटनाचा मान वैशाली येडे ह्या शेतकऱ्याच्या विधवेस देण्यांत आला आणि हजारों लोकांनीं त्यांचें बोलणें मानानें ऐकिलें. प्रेक्षकांनीं मनावर घेतलें तर नजर बदलूं शकते, एवढें तरी त्या दिवशीं दिसलें.

आणखी एक साम्य सांगण्यासारखें आहे. लहान मुलें रुसलीं कीं कट्टी घेतात आणि संध्याकाळपर्यंत ती सुटते. ह्याच भावनेचें मोठ्यांनीं केलेलें भयंकर रूप म्हणजे वाळीत टाकणें. महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलांत आला. वर्गांतील सर्व मुलांच्या गटांतून एकाच मुलाला काढून टाकणें, आणि तें त्याला कळेल अशा रीतीनें टाकणें, ही कट्टी नव्हे. हें वाळीत टाकणेंच होय. मुलांनीं तें कोणाकडून उचललें, हें वेगळें सांगावयास नको.

कायद्याचें बळ किती? लहान मुलांचीं अश्लील चित्रें करणें वा पसरविणें ह्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा आणि २०१२ चा बालसंरक्षण कायदा ह्यांत कडक शिक्षा आहेत, आणि तेथें पालकांनीं संकोच न धरतां पोलिसांकडे जावें. परंतु कायद्याची दुसरी बाजूहि आपण पाहिली आहे. त्रासदायक संदेशांना आळा घालण्यासाठीं माहिती तंत्रज्ञान कायद्यांत ६६-अ हें कलम घातलें गेलें. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें दोन तरुणींना त्याखालीं पकडण्यांत आलें. एकीनें मुंबईच्या बंदविषयीं शंका लिहिली होती, दुसरीनें त्यावर पसंतीची खूण केली होती. दुर्बळांसाठीं घडविलेली काठी बलवानांच्या हातीं गेली. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम रद्द केलें. ऑस्ट्रेलियानें तर सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांचीं खातीं ठेवण्याची बंदीच केली असून ती १० डिसेंबर २०२५ पासून अमलांत आली. तिचें फळ पाहावयास अवधि लागेल. ह्या सर्वांपेक्षां आपल्या राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा प्रस्तुत लेखकास अधिक मार्मिक वाटतो. कारण तक्रार येऊनहि जो संस्थाप्रमुख हात बांधून बसेल, त्याला तो अपराधास साह्य करणारा समजतो. ओसरीवर बसणाऱ्यास दोषी धरणारा असा कायदा विरळा.

आतां घरानें व शाळेनें काय करावें? मुलाची तक्रार कळतांच मोबाइल हिसकावून घेणें ही पहिली चूक. सांगितलें तर यंत्र जाईल, ह्या भीतीनेंच मुलें मूग गिळून बसतात. प्रथम ऐकून घ्यावें, "तूं काय केलें होतेंस?" हा प्रश्न गिळावा. जें लिहिलें वा पाठविलें गेलें तें तारखेसह जपून ठेवावें, शाळेस लेखी कळवावें, आणि प्रसंग पडल्यास मुलांसाठीं असलेल्या १०९८ ह्या क्रमांकाची मदत घ्यावी. ही सेवा १९९६ सालीं मुंबईंतूनच सुरू झाली.

शाळेचें काम ह्याहून नाजूक आहे. पंतोजीच्या काळीं अपराध्यास सर्वांपुढें अंगठे धरून उभें करीत आणि वर्गास हसण्याची मुभा असे. म्हणजे विटंबनेचा पहिला धडा गुरुजीच देत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें अशा शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. तेव्हां छळ करणाऱ्या मुलाला भर प्रार्थनेंत उभें करून त्याची शोभा करणें हा उपाय नव्हे; त्यानें प्रेक्षकांना फक्त नवें सावज मिळतें. त्याच्याशीं एकांतांत, पण स्पष्ट बोलावें. तोहि मूलच आहे, आणि बहुधा कोठें तरी स्वतः सोसून आलेला आहे. उघडपणें बोलावयाचें तें उरलेल्या चाळीसांशीं. आलेलें चित्र पुढें पाठवूं नये, हसण्याची खूण करूं नये, आणि ज्याच्यावर तें बेतलें आहे त्याला त्याच दिवशीं भेटून "मला हें आवडलें नाहीं, मी तुझ्याबरोबर डबा खाईन" एवढें म्हणावें, हें वर्गांत शिकवितां येतें. गणिताइतकें तें कठीण नाहीं, परंतु गणितासारखीच त्याचीहि उजळणी करावी लागते.

आणि ही उजळणी आधीं आपल्या घरांत झाली पाहिजे. कुटुंबाच्या, जातीच्या, सोसायटीच्या ज्या गटांवर आपण मोठी माणसें दिवसभर असतों, तेथें कोणाच्या रूपावर, रंगावर, बोलीवर केलेला विनोद आला तर आपण काय करतों, हें मुलें शेजारीं बसून पाहत असतात. आपण हसून तो पुढें ढकलीत असूं, तर मुलांस उपदेश करण्यांत अर्थ नाहीं. तो तेथेंच थांबविला, आणि पाठविणारास दोन शब्द सौम्यपणें कळविले, तर मुलांच्या वर्गांतला गट सुधारण्याचें अर्धें काम घरांतच होईल.